ट्रॅम्पल आणि डेथटच एकत्र असेल तर डॅमेज कसं वाटायचं?

प्रश्न: मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ) खेळताना काल अडकलो. माझा 5/5 क्रीचर (5 डॅमेज देणारा आणि 5 डॅमेजला मरणारा प्राणी), त्याला ट्रॅम्पल (ब्लॉकरला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला) आणि डेथटच (याचं थोडंही डॅमेज लागलं की समोरचा क्रीचर मरतो) दोन्ही. मित्राने त्याच्या 4/4 क्रीचरने ब्लॉक केलं, म्हणजे हल्ला अडवला. मी म्हणालो, 1 ब्लॉकरला, 4 तुला. तो म्हणे, आधी ब्लॉकरला 4 द्यायलाच हवेत. अर्धा तास वाद घालून डाव सोडून दिला, ते मनाला लागलंय.

उत्तर: तुमचंच बरोबर. ट्रॅम्पलमध्ये ब्लॉकरला मरण्यापुरतं डॅमेज द्यावं लागतं, आणि डेथटच असेल तर 1 सुद्धा मरण्यापुरतं धरतात.

प्रश्नकर्ता: आणि ब्लॉकर इनडिस्ट्रक्टिबल (डॅमेजने न मरणारा) असेल तर?

उत्तर: तरी 1 च. वाटप करताना तो खरंच मरेल का, हे बघतच नाहीत. प्रोटेक्शनचंही तसंच: ते डॅमेज रोखतं, पण वाटप झाल्यानंतर. मी कितीतरी डाव इथेच चुकलो, म्हणून ठासून सांगतोय.

दुसरं उत्तर: डेथटच नसताना ब्लॉकरवरचं त्याच टर्नमधलं आधीचं डॅमेजही मोजा. 4/4 वर 3 पडलेलं असेल तर 1 पुरतं, बाकीचे 4 थेट खेळाडूला.

प्रश्नकर्ता: मिळालं! मित्राला आजच दाखवतो, तो डाव पुन्हा मांडायचाय.