तान संपली की तानपुरा उसळतो?
फेअरचाइल्ड ६७० हा जुना ट्यूबवाला (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) कंप्रेसर, म्हणजे जोरातला आवाज आपोआप दाबणारं यंत्र. त्याची संगणकावरची नक्कल म्हणजे प्लगइन. ‘प्लगइनला खऱ्या ट्यूबची ऊब नाही’ असं इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं. खऱ्या ६७० मध्ये २० ट्यूब आणि १४ ट्रान्सफॉर्मर. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तो डोलारा माझ्या खोलीत नकोच! ऊब राहू द्या, आधी टाइम कॉन्स्टंटचा नॉब बघा; दाब किती वेगाने लागतो आणि सुटतो, ते तो ठरवतो. गेल्या आठवड्यात ख्यालाच्या ट्रॅकवर माझा १ वर होता, म्हणजे रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) ०.३ सेकंद. तान संपली की तानपुरा भसकन वर यायचा, पुढची तान आली की दबायचा. नॉब ३ वर नेला, रिलीज २ सेकंदांवर गेला आणि तानपुरा जागेवर बसला. इनपुट मात्र जपून वाढवा. मूळ यंत्रात आवाज जितका जोरात, तितका रेशो (दाबण्याचं प्रमाण) चढत जातो. चांगलं प्लगइनही तसंच वागतं.