मदत हवी आहे: आईसाठी कोणती झडप?

नमस्कार. आम्ही ऐरोलीचे. आईची (वय 61) हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बदलायची आहे. मेकॅनिकल झडप खूप वर्षं टिकते, पण तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिनसारखी गोळी जन्मभर, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, त्यासाठी वरचेवर रक्त तपासावं लागतं) साधारण 2.5 ते 3.5. मायट्रलच्या जागी हा धोका एऑर्टिकपेक्षा (हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथल्या झडपेपेक्षा) जास्त, म्हणून गोळी चुकवून चालतच नाही. टिश्यू झडपेला (प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या) ठोके नियमित असतील तर ही गोळी 3 ते 6 महिने पुरते; मात्र 10-15 वर्षांत ही झडप झिजते.

आई वर्षातले चार महिने गावी असते, तिथे लॅब नाही. मला तीच धास्ती आहे. शिवाय पालेभाजीने या गोळीचा परिणाम कमी होतो, आणि पालेभाजीशिवाय तर तिचं जेवणच होत नाही!

साठीच्या आसपास कुणी काय निवडलं? ऐरोली-घणसोलीत घरी येऊन आयएनआरसाठी रक्त कोण नेतं? कृपया कळवा, मंगळवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचं आहे.