सुझुकी कपलिंग: अर्ध्या तासात फ्लास्क काळा, यील्ड 31 टक्के

कल्याण_ते_कालिना
एमएस्सीचा प्रोजेक्ट, सुझुकी कपलिंग, म्हणजे पॅलेडियम वापरून ब्रोमो संयुग आणि बोरॉनिक अ‍ॅसिड जोडायचं. 4-ब्रोमोअ‍ॅनिसोल, दीडपट फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिड, पोटॅशियम कार्बोनेट, 3 मोल टक्के टेट्राकिस (पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट). डायऑक्झेन-पाणी 4:1, 90 अंश, वर नायट्रोजनचा फुगा. तीनदा केलं, तिन्ही वेळा अर्ध्या तासात शाईसारखं काळं. टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे दाखवणारी पट्टी) ब्रोमोअ‍ॅनिसोल बराचसा तसाच, त्याच्या डोक्यावर एक नवा ठिपका. सर म्हणतात पॅलेडियम वाढव. किंमत बघून माझा हात धजत नाही.

अंबरनाथचा_जुना
वाढवू नकोस गं. आधी सांग, टेट्राकिसचा रंग कसा आहे? लिंबासारखा पिवळा हवा.

कल्याण_ते_कालिना
गुळासारखा आहे काका. बाटली फ्रिजमध्येच असते, पण सगळी लॅब उघडते. त्यात जुलै.

अंबरनाथचा_जुना
मग मेलाय तो. आणि वरचा ठिपका बहुतेक बायफिनाइल, म्हणजे दोन फिनाइल एकमेकांना जोडलेले. ऑक्सिजन असला की बोरॉनिकचे रेणू आपापसातच जुळतात. वऱ्हाडातच लग्नं लागली आणि नवरा मांडवात उभा! फुगा म्हणजे नुसतं झाकण, विरघळलेला ऑक्सिजन त्याने निघत नाही. लांब सुई तळापर्यंत घालून 20 मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोड, पाणी घातल्यानंतर. पॅलेडियम सगळ्यात शेवटी. प्लांटवर हेच करायचो, फक्त सुईच्या जागी पाइप.
(रक्तदाबासाठी मी रोज लोसार्टन घेतो. त्यातला बायफिनाइलचा सांगाडा याच रिअ‍ॅक्शनने जोडता येतो. सुझुकींना 2010 चं नोबेल मिळालं तेव्हा आमच्या लॅबमध्ये पेढे वाटले होते.)

तुर्भे_नाइट_शिफ्ट
नवं टेट्राकिस मिळेपर्यंत पॅलेडियम अ‍ॅसिटेट आणि ट्रायफिनाइलफॉस्फीन घाल, कॅटॅलिस्ट फ्लास्कमध्येच तयार होतो. अ‍ॅसिटेट हवेत टिकतं. नायट्रोजनचे बुडबुडे मात्र तरीही सोडावेच लागतील.

कल्याण_ते_कालिना
अ‍ॅसिटेटने केलं! दोन तासांत ब्रोमो संपला, कॉलमने शुद्ध केल्यावर यील्ड 78 टक्के. सरांना अजून सांगितलं नाही, आधी एकदा रिपीट करते. पण जुन्या फ्लास्कचा काळा थर जाईना, अ‍ॅसिटोनने घासून थकले.

अंबरनाथचा_जुना
तो पॅलेडियमच आहे, अ‍ॅसिटोनला दाद देणार नाही. हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) अ‍ॅक्वा रेजिया, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं मिश्रण. पण त्याआधी अ‍ॅसिटोनचा थेंबही राहू देऊ नकोस, पाण्याने दहादा धू. आणि ढवळायचा मॅग्नेट नवा घे, जुन्याच्या ओरखड्यांत पॅलेडियम लपून बसतं.