रात्री साडेअकराला ११२ लावला म्हणून सोसायटीने बोलणं टाकलं. चूक कोणाची?

दुसरा_मजला
मागच्या महिन्यात आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत हळद होती. दहाला डीजे बंद होईल असं वाटलं होतं. साडेअकरा झाले तरी खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आईची बायपास होऊन तीन आठवडे झाले होते. ती उशी कानावर दाबून बसली होती आणि मला म्हणत होती, "जाऊ दे, लग्नघर आहे." मी ११२ लावला. वीसेक मिनिटांत बीट मार्शल (गस्तीवरचे पोलीस) आले, शांतपणे बोलले, आवाज बंद झाला. कोणाला दमदाटी नाही, कोणाला गाडीत घातलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात माना वळायला लागल्या. चेअरमन म्हणाले, "पोरीच्या हळदीत पोलीस आणलेत?"

माझं म्हणणं असं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. नियम माझ्या बाजूने आहे, पोलीस त्यासाठीच आहेत, मग गुन्हेगार मी कसा? आपल्याकडे पोलिसांना बोलावणं म्हणजे समोरच्याची अब्रू काढणं, हा समज कधी जाणार?

बांधावरून
नियम तुमच्या बाजूने आहे, मान्य. पण तुम्ही खाली का उतरला नाहीत? "आईचं ऑपरेशन झालंय हो" एवढं सांगितलं असतं तर दहातल्या आठ घरांनी आवाज कमी केला असता. पोलीस येऊन जातात, शेजारी उद्याही तिथेच असतो.

स्वतःचं सांगतो. पार्किंगवरून एकाशी बाचाबाची झाली, त्याने कॉलर धरली. मी तिरमिरीत ठाण्यात गेलो, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार) नोंदवली. तासाभरात त्याने माझ्यावर उलटी एनसी टाकली. मग दोघांनाही चॅप्टर केसची, म्हणजे पुन्हा भांडू नये म्हणून होणाऱ्या प्रतिबंधक कारवाईची नोटीस. शांतता राखण्याचा बाँड, कामावर रजा टाकून तारखा. ठाण्यात समोरासमोरच्या बाकांवर बसलो होतो, दोघेही खाली बघत. ज्या जागेवरून भांडलो तिथे आज तिसऱ्याचीच गाडी असते.

एकटी_राहते
"खाली उतरून सांगा" म्हणणाऱ्यांना एकच विचारते. कोणी उतरायचं? मी एकटी राहते. वरच्या मजल्यावर पार्टी होती, मी दार वाजवलं. दार उघडलं ते पिऊन तर्र झालेल्या माणसाने. "आत या ना मॅडम," म्हणाला. मागे चारजण हसले. त्यानंतर मी दार वाजवत नाही, सरळ फोन करते. दार वाजवायची सोय सगळ्यांना सारखी नसते, दादा.

बांधावरून
ताई, तुमच्या बाबतीत माझा शब्द मागे घेतो. तिथे फोनच करायचा. मी बोलत होतो ते ओळखीच्या शेजाऱ्याबद्दल.

काळा_कोट
वकिली करतो, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अर्ध्या तक्रारी इथेच फसतात. लोक ठाण्यातून एनसीचा कागद घेऊन येतात आणि समजतात की केस लागली. तसं नसतं. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. साधी मारहाण यात येते. नव्या फौजदारी कायद्यात तर ५,००० रुपयांपेक्षा कमी मालाची चोरीही यात टाकली आहे. एनसी म्हणजे नोंद. पुढे तोच माणूस पुन्हा त्रास देऊ लागला तर ती नोंद कामाला येते, म्हणून ती फुकट नाही. पण तिच्यातून लगेच कोणी आत जाईल ही अपेक्षा चुकीची.

दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ते सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये 'झिरो एफआयआर' आहे. म्हणजे "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. प्रत मोफत मिळते, मागून घ्या. एफआयआर घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी टपालाने, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. आणखी एक, तपासात जबाब घ्यायला महिलेला किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. हे माहीत नसल्याने कितीतरी आजी-आजोबा बाकावर ताटकळतात.

पाटीलवाडा
गावाकडून लिहितोय. आमच्याकडे पहिला माणूस पोलीस पाटील. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा वर्षानुवर्षांची किती भांडणं चावडीत मिटली ते मी पाहिलं आहे. बांध कोरला, पाट फोडला, असल्या गोष्टींना ठाणं गाठलं तर फौजदारही म्हणतो, "दिवाणी बाब आहे, तहसीलदाराकडे जा." आणि ते खरंच आहे. शेतरस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारच तो मोकळा करून देतो. मग ठाण्यात जाऊन वैर कशाला वाढवायचं?

एकटी_राहते
चावडीत बांध मिटत असेल. बायकोला मारलेलं पण चावडीतच "मिटवतात", आणि ती पुन्हा त्याच घरात जाते. ते मिटवणं मला मान्य नाही.

पाटीलवाडा
ते मिटवणं मलाही मान्य नाही. तिथे एफआयआरच.

रात्रपाळी_संपली
३१ वर्षं पोलीस खात्यात होतो. रात्री एका गाडीवर दोन माणसं आणि हद्द केवढी मोठी. पाणी गळतंय, कुत्रा भुंकतोय, सोसायटीने मेंटेनन्स वाढवला, यासाठीही ११२ येतो. त्याच वेळी कुठे कोणाचा संसार मोडत असतो, कुठे अपघात पडलेला असतो. गळती आणि मेंटेनन्स हे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाचं, सहकार न्यायालयाचं काम आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचा फोन मात्र मला योग्य वाटतो. आजारी माणूस घरात, दहा वाजून गेलेले, आवाज उघड्यावर. असल्या फोनला आम्ही कधी कुरकुर केली नाही.

अपघाताचं निघालंच म्हणून सांगतो. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच ते आलं आहे. "पोलिसांच्या लफड्यात नको" म्हणून लोक रक्तात पडलेला माणूस ओलांडून जातात. मी ते पाहिलं आहे. कृपा करून थांबत जा.

दुसरा_मजला
@बांधावरून, खाली न उतरल्याचं तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ते अर्धं खरं आहे. पुढच्या रविवारी इमारतीत बारसं आहे. मी परवाच त्या घरी जाऊन आईची तब्येत सांगून आलो, चहाही झाला. "दहाला बंद करतो," असा शब्द त्यांनी दिलाय.

पण शब्द पाळला नाही तर मी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन करणार. तो फोन केल्याबद्दल माफी मागायला मला कोणी सांगू नये.

बांधावरून
सव्वादहा करा. पाहुण्यांना चपला शोधायला तेवढा वेळ लागतोच.