बाळाची खेळणी : खोक्यावरचा आकडा आणि बाळाचे प्रत्यक्ष खेळणे

पहिल्या वर्षातील बाळांसाठी 'विकासाला पूरक' म्हणून असंख्य खेळणी मिळतात आणि प्रत्येकाच्या खोक्यावर महिन्यांचा एक आकडा छापलेला असतो. त्या महिन्यात आपले बाळ ते खेळणे घेऊन नेमके काय करत होते, हे मात्र घरातल्यांनीच पाहिलेले असते. अशी निरीक्षणे एकत्र यावीत म्हणून हा धागा काढत आहे. उत्तम खेळण्यांची यादी येथे नको आहे. बाळाने एखाद्या खेळण्याकडे कसे पाहिले, ते कसे धरले, कधी टाकून दिले आणि पुन्हा कधी मागितले, हे आपण सविस्तर लिहावे, ही विनंती.

माझ्या मुलीच्या पाळण्यावर रंगीत प्राण्यांचे फिरते झुंबर होते. उभे राहून पाहणाऱ्याला ते फार सुंदर दिसे. पण पाळण्याशेजारी डोके टेकवून मी वर पाहिले, तेव्हा दिसल्या त्या प्राण्यांच्या पायांच्या कडा. शिवाय नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते, म्हणजे अंगावर पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचे, आणि झुंबर त्याहून बरेच उंच होते. काळ्या-पांढऱ्या जाड पट्ट्यांचे पुठ्ठ्यावरचे चित्र तेवढ्या अंतरावर धरले, की ती त्यावर नजर रोखून राही आणि थकली की मान वळवी. कोऱ्या पृष्ठभागापेक्षा नक्षीकडे बाळे अधिक वेळ पाहतात, हे रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अगदी नवजात बाळांच्या बाबतीत दाखवून दिले होते. मला मात्र तिचे मान वळवणे अधिक महत्त्वाचे वाटले, कारण 'आता पुरे' हे सांगण्याचे तिच्याजवळ तेवढेच साधन होते आणि ते मानले की थोड्या वेळाने ती पुन्हा पाहायला तयार होई.

एका मुलाचे बाबा

झुंबराविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. आमचा मुलगा साधारण तीन महिन्यांचा असताना ज्या झोपाळ्यासारख्या खुर्चीत पहुडे, तिच्या वरच्या कमानीला रिंगा टांगलेल्या होत्या. त्याने पाय झाडले की खुर्ची हले आणि रिंगा वाजत. प्रथम हे योगायोगाने होई. मग तो थांबून रिंगांकडे पाही, पुन्हा पाय झाडी, पुन्हा थांबे, आणि काही दिवसांत खुर्चीत ठेवताक्षणीच पाय सुरू होऊ लागले. बाळांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कॉलियर यांच्या प्रसिद्ध प्रयोगांत बाळाच्या घोट्याला बांधलेली फीत झुंबराला जोडलेली असे. आपण लाथ मारली की झुंबर हलते, हे बाळांच्या लक्षात आले आणि तीन महिन्यांच्या बाळांना ते काही दिवसांनंतरही आठवत होते. आपल्या हालचालीने काही घडते, ही जाणीव इतक्या लवकर येताना प्रत्यक्ष पाहून मी भारावून गेलो. घरी मात्र बाळाच्या अंगाला फीत किंवा दोरी कधीही बांधू नये, आणि बाळ हाता-गुडघ्यांवर उठू लागले किंवा पाच महिन्यांचे झाले की पाळण्यावर टांगलेले सर्व काही काढून घ्यावे.

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलीची आई

आमची मुलगी अपेक्षित तारखेच्या दोन महिने आधी जन्मली, त्यामुळे खोक्यावरचे आकडे आमच्या घरी पहिल्या दिवसापासून निरुपयोगी होते. अशा बाळांचे वय अपेक्षित तारखेपासून मोजावे, असे बालरोगतज्ज्ञांनी आरंभीच समजावले. साधारण दोन वर्षांपर्यंत विकासाचे टप्पे तसेच पाहतात. म्हणजे 'सहा महिने' लिहिलेल्या खेळण्याची तिची वेळ जन्मतारखेनुसार आठव्या महिन्यात येणार होती. नातेवाईक आपुलकीने भेटी आणत आणि 'अजून धरत नाही का?' असे विचारत, तेव्हा हा हिशेब मनात पक्का असल्याचा मला फार आधार वाटला.

तिच्यासाठी सर्वांत उपयोगी ठरला तो जमिनीवर टेकवून ठेवलेला न फुटणारा आरसा. पालथे ठेवले की ती लगेच रडे. छातीखाली टॉवेलची गुंडाळी दिली आणि समोर आरसा ठेवला, की काही क्षण मान उचलून ती त्यातल्या चेहऱ्याकडे पाही आणि मग गाल टेकवी. हे काही क्षण हळूहळू वाढत गेले. अजून पुढे सरकू न शकणाऱ्या बाळाला जागेपणी, दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवून खेळवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. आम्ही ती वेळ लहान लहान तुकड्यांत विभागली आणि त्यातले कित्येक तुकडे आमच्याच छातीवर पार पडले. झोपवताना मात्र उताणेच, याबाबत तडजोड नाही.

आकड्यांविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगते. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' ही सूचना बहुधा बुद्धीशी संबंधित नसते. खेळण्यातला एखादा भाग घशात अडकू शकतो, हे ती सांगत असते. बाळ हुशार आहे म्हणून त्या सूचनेकडे दुर्लक्ष करणे अत्यंत धोक्याचे आहे. सुट्या भागांच्या तपासणीसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळकांडी वापरतात आणि तिच्यात पूर्ण मावणारा भाग तीन वर्षांखालील मुलासाठी असुरक्षित धरतात. 'सहा ते नऊ महिने' हा आकडा कौशल्याचा अंदाज असतो, तो मागेपुढे चालतो; सुरक्षिततेची सूचना तशी चालत नाही.

जुळ्यांची आई

आमच्याकडे खेळणी दुप्पट झाली होती आणि दोघेही एक उचलून दुसरे टाकत फिरत. बहुतेक खेळणी कपाटात ठेवून मोजकीच बाहेर काढली, तेव्हा एकेका डब्याशी त्यांचा बराच वेळ जाऊ लागला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही समोर १६ ऐवजी चारच खेळणी असताना दीड ते अडीच वर्षांची मुले प्रत्येकाशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. जुळ्यांपुरते एवढेच सांगते, की त्या चारांत एकसारख्या दोन वस्तू हव्यातच.

ऐकू कमी येणाऱ्या मुलीचे बाबा

आमच्या मुलीला जन्मतः कमी ऐकू येते, त्यामुळे खुळखुळ्याकडे आम्ही वेगळ्याच दृष्टीने पाहिले. पारदर्शक खुळखुळा तिला फार आवडे, कारण आतले मणी धावताना दिसत आणि त्यांचा थरथराट हाताला जाणवे. लहान ढोलकीवर ती आधी थाप मारी आणि मग तळहात तसाच कातड्यावर ठेवून थांबे. तो थांबण्याचा क्षण पाहूनच तिला काय मिळते आहे, हे आम्हाला कळले. श्रवणयंत्र लागल्यावर तोच खुळखुळा तिने अचानक डोळ्यांजवळून कानाजवळ नेला. हे सर्व पालकांना कळकळीने सांगतो, की पाठीमागे खुळखुळा वाजवून बाळाचे ऐकणे तपासू नये. सावली, हवेची झुळूक, जमिनीचा कंप यांमुळेही बाळ वळते आणि खोटा दिलासा मिळतो. जन्मानंतर होणारी ओएई (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) किंवा बेरा (आवाजाला श्रवणनस व मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) ही चाचणी हाच भरवशाचा मार्ग आहे.

एका मुलीची आई

बटण दाबताच गाणी, प्राण्यांचे आवाज आणि आकडे ऐकवणारे एक खेळणे आमच्याकडे भेट आले. ते वाजू लागले की खोलीतली सर्व माणसे गप्प होतात, हे मला लवकरच जाणवले. पुठ्ठ्याचे जाड पुस्तक उघडले की आम्ही दोघी बोलत असू. ती बोट ठेवी, मी नाव सांगे, ती 'आ' करी आणि मी त्याला उत्तर देई. डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲना सोसा यांच्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांची मुले आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचे घरातले बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. विजेरीवर चालणाऱ्या खेळण्यांच्या वेळी पालकांचे शब्द आणि आळीपाळीने होणारे बोलणे, दोन्ही कमी आढळले. पुस्तकांच्या वेळी शब्द सर्वाधिक होते. अभ्यास लहान आहे, पण तो आमच्या घराचे तंतोतंत वर्णन करतो. असे खेळणे घरात असेलच, तर विजेरीचा कप्पा स्क्रूने बंद आहे ना, हे जरूर पाहावे. बटणाएवढी चपटी विजेरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर भाजू शकते. तशी नुसती शंका आली, तरी थेट रुग्णालयात जावे.

दहा महिन्यांच्या मुलाची आई

मुलगा आधाराशिवाय बसू लागला, पण रांगत नव्हता, त्या काळात मी त्याच्यापुढे एक पसरट टोपली ठेवू लागले. तीत लाकडी चमचा, धातूची वाटी, स्वच्छ ब्रश, कापडाचा तुकडा, मोठी लाकडी कडी अशा वस्तू असत. ही कल्पना बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड यांची आहे, आणि मोठ्या माणसाने जवळ बसावे पण सुचवू नये, हा तिचा गाभा आहे. तो प्रत्येक वस्तू तोंडात घाली. या वयात ओठ आणि जीभ ही बोटांइतकीच जाणती असतात, त्यामुळे मी त्याला अडवले नाही. वस्तू धुतलेल्या, मोठ्या आणि टोक नसलेल्या आहेत, एवढे पाहिले. लाकडी चमचा तो दीर्घकाळ चोखी, पण वाटी एकदाच जिभेला लावून खाली ठेवी. बहुधा तिचा थंडपणा त्याला नकोसा वाटत असावा.

सध्या त्याचे सर्व लक्ष वस्तू सोडण्याकडे आहे. मुठीत पकडणे पाचव्या-सहाव्या महिन्यातच आले होते, आता चिमटीतही धरता येते. पण हवी तेथे, हवी तेव्हा मूठ उघडणे त्याला अवघड जाते. कडी माझ्या तळहातावर ठेवतो, माझ्याकडे पाहतो आणि बोटे न उघडताच ती परत ओढून घेतो. रुंद तोंडाच्या डब्यात हाताचा तळवा कडेवर टेकला, की मात्र कडी सुटते, आवाज होतो आणि तो डब्यात डोकावून पाहतो. त्यामुळे झाकणाला चेंडूएवढे भोक असलेले खेळणे मी तूर्त बाजूला ठेवले आहे आणि रुंद तोंडाचा डबाच पुढे करत आहे. ज्यांच्या मुलांनी हा टप्पा ओलांडला आहे, त्यांनी रुंद डब्याकडून लहान भोकाकडे कसे नेले, हे कृपया लिहावे.