‘फाइल आमच्याकडेच राहते’: वैद्यकीय नोंदींची प्रत मागतानाचे अनुभव

डॉक्टर बदलायचे, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे, विम्याचा दावा लावायचा, यातले काहीही निघाले की घरात जुन्या कागदांची शोधाशोध सुरू होते. पिशवीतून निघतात औषधांच्या चिठ्ठ्या, बिले आणि नशीब असेल तर एखादे डिस्चार्ज कार्ड. बाकीचा ऐवज दवाखान्यातच असतो: डॉक्टरांनी तपासताना लिहिलेले केसपेपर, नर्सने भरलेले तक्ते, ऑपरेशनची टिपणे. त्याची प्रत मागायला गेलात तेव्हा काय झाले? काय मागितले, काय हाती पडले, कुठे अडले? सरळ मिळाली असेल तर तेही लिहा. दवाखान्याचे आणि डॉक्टरांचे नाव मात्र नको, मग गाडी भलत्याच रुळावर जाते. स्वतःचे टोपणनाव चालेल.

सुरुवात मीच करते. आईला पाठीसाठी एमआरआय सांगितला. पेसमेकर आहे म्हटल्यावर तिथल्या तंत्रज्ञाने मॉडेल विचारले. आईच्या पाकिटातल्या कार्डावर यंत्राचा नंबर होता, पण हृदयापर्यंत जाणाऱ्या तारांचा, म्हणजे लीड्सचा, नव्हता. यंत्र एमआरआयला चालणारे असले तरी लीड त्या जातीची नसेल तर उपयोग नाही, त्यामुळे दोन्ही नंबर लागतात. जिथे बसवला तिथे फोन केला. उत्तर ठरलेले: ‘फाइल आमच्याकडेच राहते, बाहेर देत नाही.’ म्हटलं, फाइल ठेवा की. मला ऑपरेशनच्या टिपणाची आणि इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेल्या पानाची झेरॉक्स हवी आहे. पलीकडचा सूरच बदलला. ‘स्टिकरचं पान होय? मग या ना.’ पानाच्या पाठीमागे तीन बारकोडवाले स्टिकर तिरपेतारपे चिकटवलेले होते, एक अर्धवट सुटलेला. दोन लीड्स, एक यंत्र, प्रत्येकाचे मॉडेल आणि सिरियल नंबर. पाठपोट झेरॉक्स काढून आणली.

बिनपगारी
तोंडी मागाल तर तोंडीच नकार मिळतो. मी दोन ओळींचा अर्ज केला: नाव, भरती झाल्याची तारीख, कोणते कागद हवेत. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली तर रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, ‘आमच्यात पोच देत नाहीत.’ मग तोच अर्ज ईमेलने पाठवला, त्याला तारीख-वेळ आपोआप लागते. भारतात मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारविषयक नियमांत लिहिलेले आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर मागणीची पोच द्यावी आणि ७२ तासांत कागद द्यावेत. हे वाक्य अर्जात घातले होते. भांडावे लागले नाही. त्याच नियमांत भरती रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायला सांगितले आहेत, त्यामुळे जुन्या ऑपरेशनचे कागद हवे असतील तर ‘बघू पुढे’ करू नका.

ओसरी
माझे जरा वेगळे. बायोप्सीचा रिपोर्ट हातात होता, तो घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘स्लाइड्स आणि ब्लॉक आणा.’ ब्लॉक म्हणजे काय हे तोवर ठाऊक नव्हते. काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याचे अतिशय पातळ काप म्हणजे स्लाइड. रिपोर्ट हे पहिल्या पॅथॉलॉजिस्टचे मत झाले. दुसऱ्याला स्वतःचे मत द्यायचे तर मूळ वस्तूच बघावी लागते, आणि पुढच्या विशेष चाचण्यांसाठी त्या ब्लॉकमधूनच नवे काप घेतात.

लॅबमध्ये मात्र ताबडतोब सोय झाली. वहीत सही घेतली, ब्लॉकवर कोरलेला नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर माझ्यासमोर जुळवून दाखवला, छोट्या डबीत घालून दिला. मेण आहे, उन्हात गाडीत ठेवू नका, एवढे बजावले. आणि काम झाले की परत आणून द्या, कारण तुकडा संपला की संपला. परत नेऊन दिला तेव्हा त्या मुलाने वहीत माझ्या सहीपुढे ‘जमा’ लिहिलं, तेव्हा कुठे हायसे वाटले.

उंबरठा
दवाखान्याच्या ॲपमध्ये सगळे दिसते म्हणून खूश होते. दिसते ते म्हणजे रक्ताचे रिपोर्ट. डॉक्टरांची टिपणे नाहीत.

परदेशी पाहुणा
युरोपात राहतो. दाताच्या दवाखान्याने आधी विचारले, ‘कशासाठी हवेत?’ कारण सांगायची गरज नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आहे, आणि ते प्रकरण दाताच्या उपचारांचेच होते: रुग्णाला डॉक्टरवर दावा लावायचा असला तरीही पहिली प्रत फुकट द्यायची. मुदत साधारण एक महिना. मी कारण सांगितले नाही, त्यांनीही पुन्हा विचारले नाही. एक्स-रे मात्र कागदावर छापून दिले, ते कोणत्याच डॉक्टरच्या उपयोगाचे नसतात. एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल पुन्हा मागावी लागली.

तळटीप
अमेरिकेत ३० दिवसांची मुदत असते आणि लेखी कारण देऊन एकदा ३० दिवस वाढवता येते. माझे उपचारांचे बिल थोडे थकले होते म्हणून ‘आधी ते भरा’ म्हणाले. तसे अडवता येत नाही. प्रत काढण्याचा वाजवी खर्च मागू शकतात, तो वेगळा.

खडूफळा
प्रत मिळाल्यावर वाचा हो! माझ्या कागदांत ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहिलेले निघाले. मला कसलीही ॲलर्जी नाही. पान उलटून पाहिले तर त्यावर दुसऱ्याच माणसाचे वय. आडनाव तेच, पान माझ्या फाइलीत. दुरुस्तीचा अर्ज दिला. जुनी ओळ खोडरबराने पुसत नाहीत, एक रेघ मारून शेजारी नवी नोंद, सही, तारीख. तसेच हवे, नाहीतर उद्या कोण काय बदलेल याचा भरवसा नाही.

पलीकडचा
मी काउंटरच्या पलीकडे, रेकॉर्ड रूममध्ये बसतो. वरचे वाचून थोडे लिहावेसे वाटले. ‘सगळं द्या’ ही सर्वांत अवघड मागणी. आयसीयूत राहिलेल्या माणसाची फाइल जाडजूड असते, तीत निम्मे तक्ते. विम्याला इनडोअर पेपर, म्हणजे भरती असतानाचे सगळे केसपेपर, हवेत की फक्त समरी, म्हणजे डिस्चार्ज कार्ड, हे आधी विमावाल्यांकडून लिहून आणा. नोंदणी क्रमांक सापडत नसेल तर भरतीची तारीख तरी सांगा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी जुने नाव आवर्जून सांगावे, फाइल त्याच नावाने पडलेली असते. नवऱ्याला बायकोची फाइल किंवा बायकोला नवऱ्याची आम्ही फोनवर सांगितल्यावर देत नाही, त्याचा राग येतो लोकांना. पण सहीचे पत्र आणि दोघांची ओळखपत्रे लागणारच. तुमची फाइल असती तर तुम्हालाही तेच हवे असते. उशीर बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो: एखाद्या डॉक्टरची सही राहिलेली असते आणि ते रजेवर असतात. हे आम्ही काउंटरवर बोलत नाही इतकेच.

बिनपगारी
@पलीकडचा, ईसीजीचे काय? वडिलांच्या जुन्या पट्टीवर आता काहीच दिसत नाही.

पलीकडचा
थर्मल कागद आहे तो, छपाई उडतेच. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, उष्णतेने पट्टी काळी पडते. मिळाल्या दिवशी झेरॉक्स किंवा स्कॅन. वडिलांची फाइल आमच्यासारख्यांकडे असेल तर विचारून बघा, काही ठिकाणी फाइलमध्ये पट्टीसोबत झेरॉक्सही लावलेली असते. मशीन नवे असेल तर त्यात डिजिटल प्रत असू शकते.

ओसरी
आणि स्कॅनची सीडी? लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही.

पलीकडचा
पेनड्राइव्ह बाहेरचा लावू देत नाहीत, व्हायरसची भीती. लिंक मागा, आणि आली की लगेच डाउनलोड करा, काही दिवसांनी ती बंद होते. मागताना ‘डायकॉम फाइल’ म्हणा, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाइल. ‘फोटो’ म्हणालात तर फोटोच मिळतील.