तातडीने मदत हवी: बाबांना ट्रायलमध्ये जाऊ द्यावं का?

काळजीत_लेक: सोमवारी सही करायची आहे, म्हणून घाईत लिहितेय. बाबांची शुगर वर्षभर आटोक्यात नाही, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.४ आलंय. चालू गोळ्यांवर आणखी एक जोडून बघायची ट्रायल आहे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. सही करू द्यावी का? लवकर सांगा.

रानजाई: कुठल्या गोळ्या चालू आहेत? वय? क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी?

काळजीत_लेक: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड. वय ६३. क्रिएटिनिनचा रिपोर्ट सापडत नाहीये.

माळरान: ट्रायल कशाला? माझ्या काकांना डापाग्लिफ्लोझिन जोडलं, चार महिन्यांत ९ वरून ७.६. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून स्वस्तही मिळतं.

रानजाई: माळरान, किडनीचा रिपोर्ट न बघता औषध सुचवू नका. त्या गोळीने साखर लघवीवाटे जाते. माझ्या आईला खाज सुटून बुरशीचा संसर्ग झाला होता, पंधरा दिवस हैराण होती.
लेक, सीटीआरआयचा, म्हणजे औषधांच्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा, २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे. संमतीपत्र मराठीतलं घ्या, घरी आणून वाचा. शुगर फार चढली तर दुसरं औषध कधी देणार, हे त्यात बघा. मधेच बाहेर पडायचा हक्क असतो.

आजोळ: रात्री चमचाभर मेथ्या भिजत घाला, सकाळी ते पाणी द्या.

माळरान: मेथ्यांनी ९.४ खाली येत नाही हो.

आजोळ: आमच्या सासऱ्यांची आली.

माळरान: गोळ्या बंद करून?

आजोळ: गोळ्या चालूच होत्या.

चहाबाज: ग्लुकोमीटरच्या पट्ट्या स्वस्तात कुठे मिळतात? मागच्या वेळी मुदत संपत आलेल्या आल्या.

रानजाई: वेगळा धागा काढा ना. लेक, बाबा गोळ्या रोज घेतात का? ट्रायलमध्येही उरलेल्या गोळ्या मोजतात.

काळजीत_लेक: आत्ता त्यांचा डबा उघडला. मेटफॉर्मिनच्या चार पट्ट्या तशाच, रबर लावलेल्या. म्हणाले, "घेतली की पोट बिघडतं, एसटीत पंचाईत होते." आईलाही माहीत नव्हतं.

रानजाई: सहीच्या आधी हेच डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिनची हळूहळू विरघळणारी एसआर गोळी येते, ती जेवणाबरोबर बऱ्याच जणांना सोसते. पट्ट्या सोबत न्या.

काळजीत_लेक: नेते. पण सोमवारी सही केली नाही, तर ट्रायलमध्ये नंतर घेतात का?